पेचकस गेला, कारागीर राहावा

१ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज-६’ प्रदूषण-निकष लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. हिंगणघाट वा आर्वीचा मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐकून, पेचकसाने पेट्रोल-हवेचे प्रमाण जुळवीत असे. आता ते संगणक ठरवितो. ‘व्ही’ आकाराच्या दोन सिलिंडरांच्या इंजिनात तर मागील सिलिंडर वारा कमी लागून अधिक तापतो. तेथे कानाचा अंदाज पुरेसा नाही.

हवा स्वच्छ व्हावी, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो निदानयंत्र आणि तांत्रिक माहिती कोणाच्या हाती असावी, हा. ती कंपन्यांच्या केंद्रांपुरतीच राहिली, तर ग्राहकाला निवड उरणार नाही आणि मिस्त्रीचे एकमेव भांडवल, त्याचे कौशल्य, कवडीमोल ठरेल. केंद्राने २०२२ साली ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, परंतु समिती म्हणजे कायदा नव्हे.

१९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे केंद्र वर्ध्यात होते. हत्यार कारागिराच्या आवाक्यात असावे, हा विचार या जिल्ह्याला नवा नाही. दुरुस्तीची माहिती खुली करणे कायद्याने बंधनकारक व्हावे आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मिस्त्रींसाठी सायंकाळचे वर्ग निघावेत. यंत्र बदलले म्हणून माणूस मोडीत काढण्याचे कारण नाही.