७८२ हॉर्सपॉवरची आलिशान कन्व्हर्टिबल आणि लिटरला ७७ किलोमीटर: हा आकडा येतो कुठून?

लिटरला ७७ किलोमीटर. मायलेजचा हा आकडा ऐकला की डोळ्यांसमोर १०० सीसीची मोटरसायकल येते. पण कागदावर तो एका अशा गाडीच्या वाट्याला आला आहे, जिचं वजन अडीच टनांहून जास्त आहे, जिच्यात ४ लिटरचं व्ही-८ इंजिन आहे आणि जिचं छप्पर बटण दाबलं की मागे दुमडलं जातं.

ही गाडी म्हणजे ब्रिटनमध्ये तयार होणारी बेंटली काँटिनेंटल जीटीसी स्पीड. २०२४ मध्ये तिची नवी आवृत्ती आली. आधीच्या आवृत्तीत १२ सिलिंडरचं ६ लिटरचं इंजिन होतं आणि ती गाडी लिटरला साधारण ६ ते ७ किलोमीटर धावायची. मग एकदम दहापट सुधारणा झाली कशी?

नेमकं काय बदललं?

नवी गाडी प्लग-इन हायब्रिड आहे. म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि २५.९ किलोवॅट-अवर क्षमतेची बॅटरी आहे. ही बॅटरी घरी किंवा चार्जिंग स्टेशनवर चार्ज करता येते. पूर्ण चार्ज झाल्यावर गाडी पेट्रोलविना साधारण ८० किलोमीटर धावते, असं युरोपातल्या प्रमाणित चाचणीचा आकडा सांगतो.

याच चाचणीनुसार गाडीचं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन किलोमीटरला सुमारे ३० ग्रॅम आहे. एक लिटर पेट्रोल जळालं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. भागाकार केला की उत्तर येतं ७७ किलोमीटर.

मेख कुठे आहे?

चाचणी दोन टप्प्यांत होते. आधी बॅटरी पूर्ण भरून गाडी चालवतात, मग बॅटरी रिकामी असताना. त्यानंतर दोन्ही आकड्यांची सरासरी काढतात. पण ही सरासरी निम्मी-निम्मी नसते. मालक किती अंतर विजेवर कापेल याचा एक अंदाज नियमात आधीच ठरलेला असतो. बॅटरीवर जितकं जास्त अंतर कापता येईल, तितका विजेचा वाटा जास्त धरला जातो.

सोपं उदाहरण घेऊ. समजा, बॅटरी संपल्यावर गाडी लिटरला १० किलोमीटर जाते. नियमाने गृहीत धरलं की १०० पैकी ८७ किलोमीटर विजेवर आणि फक्त १३ पेट्रोलवर. म्हणजे १०० किलोमीटरला १.३ लिटर पेट्रोल, आणि मायलेज ७७! आता त्याच गाडीचा विजेचा वाटा ५० टक्के धरा. मायलेज थेट २० वर येतं. आणि मालकाने गाडी कधी चार्जिंगला लावलीच नाही, तर १०. गाडी तीच, इंजिन तेच. बदलला तो फक्त अंदाज.

रस्त्यावर काय दिसलं?

युरोपात २०२१ पासून नव्या गाड्यांमध्ये प्रत्यक्ष इंधनवापर नोंदवणारी यंत्रणा सक्तीची आहे. अशा सुमारे ६ लाख गाड्यांची माहिती तपासून युरोपियन आयोगाने मार्च २०२४ मध्ये अहवाल दिला. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांचं प्रत्यक्ष उत्सर्जन चाचणीपेक्षा साधारण २० टक्के जास्त होतं. प्लग-इन हायब्रिड गाड्यांचं मात्र सरासरी साडेतीन पट! लोक या गाड्या गृहीत धरल्याइतक्या चार्ज करत नाहीत, हे त्याचं मोठं कारण.

महागड्या गाडीच्या पेट्रोलची चिंता कुणाला?

दोन लाख पौंडांची गाडी घेणारा पेट्रोलचा हिशेब करत बसत नाही. पण हा आकडा कराच्या हिशेबात येतो. ब्रिटनमध्ये कंपनीने दिलेली गाडी खासगी कामासाठी वापरली, तर गाडीच्या किमतीचा काही टक्के भाग वापरणाऱ्याचं उत्पन्न धरला जातो. ही टक्केवारी उत्सर्जनावर ठरते. २०२५-२६ मध्ये जास्त धूर सोडणाऱ्या गाडीसाठी ती ३७ टक्के आहे. ५० ग्रॅमपर्यंत उत्सर्जन आणि विजेवर ४० ते ६९ मैल पल्ला असलेल्या गाडीसाठी फक्त ९ टक्के. दोन लाख पौंडांच्या गाडीवर हा फरक ७४ हजार आणि १८ हजार पौंड इतका पडतो.

शिवाय युरोपात कंपन्यांना आपल्या सगळ्या नव्या गाड्यांचं सरासरी उत्सर्जन ठरलेल्या मर्यादेत ठेवावं लागतं, नाहीतर दंड बसतो. ३० ग्रॅमची गाडी ही सरासरी खाली आणते, मग ती रस्त्यावर कितीही पेट्रोल पिवो. सवलत सरकारी तिजोरीतून जाते, धूर सगळ्यांच्या वाट्याला येतो.

आता काय बदलतंय?

युरोपने हा अंदाज कमी करायला घेतला आहे. विजेवर ६० किलोमीटर धावणाऱ्या गाडीसाठी आधी विजेचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त धरला जायचा. २०२५ पासून नव्या मॉडेल्ससाठी तो सुमारे ५४ टक्के झाला. २०२७ पासूनच्या टप्प्यात तो ३४ टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे. वाहन उद्योगाचा याला विरोध आहे. अशा गाड्यांची मागणी घटेल, असं त्यांचं म्हणणं.

अमेरिकेतल्या स्टिकरवर वेगळी पद्धत आहे. तिथे प्लग-इन हायब्रिडचे दोन आकडे स्वतंत्र छापतात: एक विजेवरचा, दुसरा फक्त पेट्रोलवरचा. ग्राहकाला आपली सवय ओळखून आकडा निवडता येतो.

पुण्याच्या एआरएआय संस्थेच्या चाचणीतलं मायलेज आणि रस्त्यावरचं मायलेज यातला फरक आपल्याकडे प्रत्येक गाडीवाल्याला माहीत आहे. प्लग-इन हायब्रिडच्या बाबतीत हा फरक कितीतरी मोठा असू शकतो. म्हणून अशी गाडी पाहताना शोरूममध्ये एक प्रश्न जरूर विचारावा: बॅटरी संपल्यावर मायलेज किती?