चिंधीच्या इच्छेचे अपवाचन

आपली इच्छा उघडपणे बोलून दाखविणाऱ्या तरुणीविषयी मराठी चित्रपटसमीक्षा लिहू लागली, की तिच्याजवळ तीन विशेषणे तयार असतात: उत्तान, उच्छृंखल आणि निसर्गकन्या. पहिली दोन निंदेची व तिसरे गौरवाचे, असा समज आहे. वस्तुतः तिन्हींचे कार्य एकच. स्त्रीची इच्छा हा तिचा निर्णय नसून तिचा स्वभाव होय, असे ती सुचवितात. आणि जे स्वभावानेच घडते त्यामागील विचार शोधण्याचे कष्ट समीक्षकाला घ्यावे लागत नाहीत.

गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून जब्बार पटेल यांनी १९७७ साली केलेला ‘जैत रे जैत’ हा याचा ठळक दाखला. तेव्हाच्या कुलाबा आणि १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यातील ठाकर समाजाची ही कथा. नाग्याला पुण्यवंत व्हायचे आहे. मधमाश्यांनी त्याचा डोळा घेतला, म्हणून राणीमाशीचा सूड हे त्याचे जीवितकार्य बनते. नको असलेला नवरा सोडून आलेली चिंधी त्याच्यावर प्रेम करते, त्याच्या मोहिमेत उतरते आणि अखेर तिचाच प्राण जातो. या कथेला माणूस आणि नियती यांचा संघर्ष म्हणणे म्हणजे नाग्याचे आत्मभान हेच संहितेचे एकमेव केंद्र मानणे होय. चिंधीचे प्रेम मग त्याच्या व्रताला लाभलेली साथ तेवढी उरते.

परंतु कथेतील क्रियांचा क्रम पाहावा. नवरा सोडण्याचा निर्णय चिंधीचा. नव्या पुरुषाची निवडही तिचीच. नाग्याची कृती ही झालेल्या आघाताची प्रतिक्रिया आहे, चिंधीची कृती स्वयंप्रेरित आहे. तिला हवा आहे तो माणूस. त्याला हवे आहे ते पुण्य. तिचे प्रेम तो आपल्या संकल्पाचे साधन म्हणून वाचतो. हे अपवाचन पात्राचे आहे, आणि ते चित्रपटाच्या शोकात्मतेचे मूळ आहे. समीक्षेने मात्र पात्राची चूक हाच संहितेचा अर्थ मानला.

लॉरा मल्व्ही यांच्या १९७५ च्या निबंधाचा आधार घेऊन, स्मिता पाटील यांचा देह येथे पुरुषी दृष्टीचा विषय होतो, असा आक्षेप घेता येईल. तो निराधार नाही. तथापि तेवढ्यावर थांबणारे वाचनही चिंधीला पाहिली जाणारी वस्तूच ठरविते. ती स्वतः पाहते, निवडते, मागते, हे त्यातून निसटते. नीतिवादी आणि दृष्टिवादी हे दोघे येथे नकळत एकाच निष्कर्षावर येतात.

या निष्कर्षाची वंशावळ जुनी आहे. पुरुषाला दूषित करणे हा स्त्रियांचा स्वभावच, असे मनुस्मृतीचा दुसरा अध्याय सांगतो. याच जिल्ह्यात, पोलादपूरवरून महाडकडे वाहणाऱ्या आणि पतिव्रतेचे नाव मिरविणाऱ्या सावित्रीच्या खोऱ्यात, २५ डिसेंबर १९२७ रोजी त्या ग्रंथाचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना, लुगडे नेसण्याची रीत आणि अंगावरील दागिने यांवरून जात ओळखता येईल असा पेहराव टाकून देण्यास सांगितले. स्त्रीच्या देहावरील चिन्हे कोण वाचतो आणि त्या वाचनातून कोणाची सत्ता टिकते, हा प्रश्न महाडला पाण्याच्या हक्काइतकाच राजकीय ठरला होता. तो उपस्थित करण्यासाठी मराठी समीक्षेला पाश्चात्त्य सिद्धान्ताची वाट पाहण्याचे कारण नव्हते.

दांडेकरांच्या ठाकरवाडीचा आणि महाडच्या परिषदेचा ऐतिहासिक संबंध जोडण्याचा हा खटाटोप नव्हे. मुद्दा वाचनपद्धतीचा आहे. ग्रंथ जळाला तरी त्यातील गृहीतक विशेषणांच्या रूपाने टिकून राहते, आणि ‘निसर्गकन्या’ हे त्याचे सर्वांत सभ्य रूप आहे. कारण त्यात जातीचा तुच्छभाव आदिवासी जीवनाच्या कौतुकाआड लपतो. नवरा सोडणारी पांढरपेशी नायिका ‘बंडखोर’ आणि ठाकरवाडीतील चिंधी ‘निसर्गाची’, हा भेद समीक्षेने कोणत्या निकषावर केला, याचे उत्तर तिने दिले पाहिजे. ते मिळेपर्यंत चिंधीच्या मृत्यूला नाग्याच्या विजयाची किंमत म्हणणे हे रसग्रहण नसून त्या विजयाचे समर्थन आहे.