आखूड तारेचे मोल

वस्तूची किंमत आणि तिचे मूल्य या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षी शिकवले जाते आणि बहुधा पहिल्याच मोठ्या खरेदीच्या वेळी विसरले जाते. वाद्यखरेदीत हा विसर अधिकच पडतो. बास गिटार घेण्यासाठी आलेल्या ग्राहकाने आखूड स्केलचे वाद्य हाती घेतले, की ‘हे शिकाऊ मुलांसाठी आहे, पुढे तुम्हाला मोठे घ्यावेच लागेल’ असे त्याला हमखास ऐकवले जाते. विक्रेता ते सांगतो, शेजारचा हौशी वादक त्याला दुजोरा देतो आणि ग्राहक आपल्या हाताला न पेलणारे वाद्य घेऊन घरी जातो. मनगट दुखू लागते, बोटे पोहोचत नाहीत आणि सहा महिन्यांत ते वाद्य माळ्यावर जाते. ‘शिकाऊ वाद्य’ या शिक्क्याची तपासणी म्हणूनच आवश्यक ठरते.

बास गिटार हे साथीचे वाद्य आहे. तिच्या चार जाड तारा साध्या गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा एक सप्तक खाली लावलेल्या असतात. श्रोत्याचे लक्ष तिच्याकडे क्वचितच जाते, मात्र ती थांबली की गाणे एकाएकी पोकळ वाटू लागते. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांची बास ज्यांनी लक्ष देऊन ऐकली असेल, त्यांना याची वेगळी साक्ष नको.

तारेच्या कंप पावणाऱ्या भागाची लांबी म्हणजे स्केल. फेंडर कंपनीने १९५१ मध्ये बाजारात आणलेल्या प्रिसिजन बासची स्केल ३४ इंच होती, आणि तेच पुढे प्रमाण मानले गेले. आखूड स्केल म्हणजे साधारण ३० इंच. चार इंचांचा हा फरक ऐकण्यास क्षुल्लक वाटतो. मात्र मानेच्या टोकापासून चौथ्या पडद्यापर्यंतचे अंतर लांब वाद्यावर सुमारे १७.८ सेंटिमीटर भरते, तर आखूड वाद्यावर १५.७. हे दोन सेंटिमीटर लहान हाताच्या व्यक्तीला किती जड जातात, हे तिच्या करंगळीलाच विचारावे!

‘शिकाऊ’ हा शिक्का काही अंशी खुद्द उत्पादकांचीच देणगी आहे. फेंडरने मस्टँग ही गिटार १९६४ मध्ये विद्यार्थ्यांसाठी म्हणून विकली आणि १९६६ मध्ये त्याच नावाची ३० इंची बास तिच्या जोडीला आणली. नाव आणि किंमत यांनी मिळून दर्जा ठरवून टाकला. वास्तविक त्याआधीच, १९५३ मध्ये, गिब्सन कंपनीने साडेतीस इंची बास काढली होती आणि तिच्यामागे विद्यार्थ्यांचा विचार नव्हता. त्याच कंपनीची आखूड ईबी-३ घेऊन जॅक ब्रूस यांनी ‘क्रीम’ या वाद्यवृंदात जे वादन केले, त्याला कोणीही शिकाऊ म्हणू धजणार नाही.

सर्वांत बोलके उदाहरण जर्मनीच्या हॉफनर कंपनीच्या ‘५००/१’ या व्हायोलिनच्या आकाराच्या बासचे आहे. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्ग येथे ती सुमारे ३० पौंडांना घेतली. फेंडर त्यांना परवडण्यासारखी नव्हती. शिवाय ते डावखुरे असल्याने दोन्ही बाजूंनी सारखे दिसणारे वाद्य उलटे धरले तरी विचित्र दिसत नसे. म्हणजे निवडीमागची कारणे होती खिसा आणि सोय! बीटल्सच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रणांत हीच बास वाजली. १९७२ मध्ये ती लंडनमध्ये चोरीस गेली आणि पन्नासहून अधिक वर्षांनी सापडून मूळ मालकाकडे परतल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. त्या वाद्याचे आजचे मोल काढण्यास घसाऱ्याचे कोणतेही कोष्टक उपयोगी पडणार नाही. मात्र ते मोल मालकाच्या कीर्तीचे आहे, लाकडाचे नव्हे. त्याच्या भरवशावर जुनी हॉफनर ‘गुंतवणूक’ म्हणून घेऊ पाहणाऱ्यांनी सावध असावे.

हाताच्या मापाचा मुद्दाही वाटतो तितका सरळ नाही. स्टॅन्ली क्लार्क हे उंचापुरे, लांब बोटांचे वादक. त्यांची तालीम ४१-४२ इंची तारांच्या उभ्या डबल बासवर झालेली. तरीही विजेच्या बाससाठी त्यांनी पावणेएकतीस इंची अलेम्बिक पसंत केली आणि तिच्यावर द्रुत, एकल वादन रूढ केले. आखूड वाद्य ही त्यांची अडचण नव्हती, ती त्यांची निवड होती.

येथे आपल्याकडील तानपुऱ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. मिरजेचे कारागीर पुरुषांसाठी मोठा आणि स्त्रियांसाठी लहान तानपुरा घडवतात. लहान तानपुऱ्याला कोणी शिकाऊ म्हणत नाही. पण ही तुलना फार ताणता येत नाही. लहान तानपुरा वरच्या स्वराला लावतात, तर आखूड बासकडून लांब बासचाच खर्ज अपेक्षित असतो. तिच्या सर्वांत जाड तारेने सेकंदाला सुमारे ४१ कंपने दिलीच पाहिजेत. स्वर आणि जाडी तीच ठेवून तार आखूड केली, तर तिचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. ३४ वरून ३० इंचांवर येताना तो सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतो. तार बोटाला मऊ लागते, नाद गोल आणि भरीव येतो. मात्र जोराने छेडल्यास तीच तार पडद्यांवर खडखडते आणि स्वर क्षणभर चढतो. अंगठ्याने आघात करून काढायचा लखलखीत आवाज ज्यांना हवा आहे, किंवा याहूनही खाली जाणारी पाचवी तार ज्यांना लावायची आहे, त्यांनी लांब स्केलकडेच वळावे. आखूड वाद्याच्या कैवाऱ्यांनी ही मर्यादा लपवण्याचे कारण नाही.

म्हणून मूल्यमापन जाड तारेपासून सुरू करावे. ती मोकळी वाजवावी, मग बाराव्या पडद्यावर दाबून वाजवावी. दोन स्वर नेमके एका सप्तकाच्या अंतरावर येतात की नाही, हे ट्यूनरवर पाहावे. थोडी चूक ब्रिजवरील स्क्रूने सुधारते. ब्रिज पुरता मागे नेऊनही न सुधारणारे वाद्य परत ठेवावे. त्यानंतर पट्टा गळ्यात अडकवून डावा हात सोडून द्यावा. अंग लहान आणि खुंट्या जड असल्या की मान खाली झुकते आणि वादकाचा अर्धा जोर ती सावरण्यातच जातो. दुकानात बसून वाजवणाऱ्याला हा दोष कधीच कळत नाही. आपल्या कोकणपट्टीच्या पावसाळ्यात लाकूड हलते, तेव्हा मानेतील लोखंडी सळी फिरते का, हेही विचारून घ्यावे.

राहता राहिला तारांचा प्रश्न. आखूड स्केलच्या तारांचा संच लहान गावातील दुकानात सहसा नसतो आणि दुकानदार लांब तार कापून बसवून देण्याची तयारी दाखवतो. तारेचा जाड गुंडाळलेला भाग खुंटीवर वळवला तर तार तेथेच मरते. वाद्य घेतानाच योग्य लांबीचे दोन संच मागवून घ्यावेत आणि त्यांची रक्कम वाद्याच्या किमतीतच धरावी.