पाण्याची लाट पुढे, क्षार मागे

इचलकरंजीसारख्या शहराचा पावसाळी निचऱ्याचा आराखडा करायला घेतला की आपण गटारांची मापे, उतार आणि पाणी तुंबण्याच्या जागा काढतो. त्या पाण्यात काय विरघळून चालले आहे, हे मात्र अहवालाच्या शेवटी परदेशी गुणांक जसेच्या तसे घालून उरकले जाते. या शहरापुरते तरी हे थांबायला हवे.

पावसाळी पाण्याचे ‘स्विम’ (SWMM) हे प्रारूप आपल्यापैकी बहुतेकजण वापरतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ते 1971 मध्ये आणले. त्यातले ‘साठणे आणि धुऊन जाणे’ हे समीकरण सार्टर आणि बॉइड यांनी 1972 मध्ये मांडलेल्या रस्त्यावरच्या धुळीच्या अभ्यासातून घडत गेले. धूळ हलायला प्रवाहाचा जोर लागतो. विरघळणाऱ्या पदार्थाला तो लागत नाही. पृष्ठभाग भिजला की पुरते.

आता या वस्त्रनगरीतल्या सायझिंगच्या किंवा प्रोसेसच्या आवारात उभे राहून पाहा. सुती कापडाला रिअॅक्टिव्ह रंग चढवायला मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट भरपूर लागते, मर्सरायझिंगला कॉस्टिक सोडा. पोती उतरवताना सांडलेले मीठ, पिंपे धुतलेले पाणी, खळीचे ओघळ हे सगळे खडबडीत काँक्रीटच्या छिद्रांत उन्हाळाभर मुरते आणि वाळते. वळवाची हलकी सर आली तरी ते वर येऊ लागते, आणि पाऊस ओसरल्यावरही छिद्रांतून थोडे थोडे झिरपत राहते. धुळीच्या समीकरणातला घातांक इथे बसवला तर सुरुवातही चुकते आणि शेवटही.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगाची. फरशीवर 3 मिलिमीटर पाणी, उतार 1 टक्का आणि मॅनिंगचा गुणांक 0.015 धरा. पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे 14 सेंटीमीटर येतो, म्हणजे 100 मीटर जायला जवळपास 12 मिनिटे. पण आधीच वाहत्या पाण्यावर सरीचा जोर वाढला, तर त्या वाढीची लाट पाण्याच्या पाच तृतीयांश वेगाने पुढे सरकते आणि साधारण 7 मिनिटांत पोचते. विरघळलेला क्षार लाटेबरोबर जात नाही, तो पाण्याच्या कणांबरोबर जातो. म्हणून गटारात पातळी आधी चढते आणि वरच्या टोकाचे मीठ मागाहून येते. पातळी चढलेली पाहून एक बाटली भरून नेणारा माणूस बहुतेकदा अलीकडच्या आवाराचे पाणी नेतो. सकाळी साडेआठला मोजलेल्या चोवीस तासांच्या पावसात तर ही पाच मिनिटे दिसणारच नाहीत.

शहराचे पाणी पंचगंगेत नेणाऱ्या काळ्या ओढ्यात गुंता आणखी वाढतो. तिथे कोरड्या दिवसांतही सांडपाणी वाहत असते. सर आली की पाणी पातळ होते, विद्युतवाहकता उतरते, आणि अहवालात ‘सुधारणा’ अशी नोंद होते. त्याच वेळी प्रवाह वाहकतेच्या घटीहून जास्त पटींनी वाढलेला असेल, तर दर मिनिटाला पंचगंगेत जाणारा एकूण क्षार वाढलेलाच असतो. एका हेक्टरवर 10 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लाख लिटर पाणी. तीव्रता आणि भार यांतली ही गल्लत पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्याच्या खालच्या गावांना परवडणारी नाही. मेलेल्या माशांचे खच त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिले आहेत. पुढे नृसिंहवाडीला हेच पाणी कृष्णेला मिळते.

प्रारूपाला दोष देऊन भागणार नाही. ‘स्विम’मध्येच आवारांचे वेगळे उपक्षेत्र करता येते, आणि धुळीच्या घातांकाऐवजी पृष्ठभाग व पाण्याचा पातळ थर यांतल्या तीव्रतेच्या फरकावर चालणारे समीकरण बाहेरून जोडता येते. त्यासाठी लागणारा एकच स्थानांतर गुणांक त्याच काँक्रीटवर, झारीने पाणी पाडून काढता येईल. तो परदेशातून आणण्याचे कारण नाही.

मागणी साधी आहे. येत्या वळवाआधी काळ्या ओढ्यावर आणि त्याला मिळणाऱ्या निदान दोन गटारांवर मिनिटामिनिटाला नोंद घेणारे वाहकतामापक बसवावेत, शेजारी तसाच पर्जन्यमापक ठेवावा आणि पावसाआधीच्या आठवड्याची कोरडी नोंदही घ्यावी. वाहकतेवरून मीठ कळते, रंग किंवा ऑक्सिजनची मागणी कळत नाही. म्हणून सर चालू असताना ठरावीक अंतराने भरलेल्या बाटल्याही लागतील. महापालिका, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि कोल्हापूर-सांगलीकडची अभियांत्रिकी महाविद्यालये यांनी मिळून हे काम घ्यावे. ज्यांच्याकडे अशा नोंदी आधीच असतील, त्यांनी त्या कच्च्या स्वरूपात पाठवाव्यात. पावसाळ्यापूर्वीच्या अंकात त्यांना जागा राखून ठेवली आहे.