जुन्या जिपेचा कंप
ताशी ६० किलोमीटरवर खड्डा लागताच पुढची चाके थरथरा कापून स्टिअरिंग हातातून हिसकावतात, अशी तक्रार घेऊन आमच्या आळीतल्या गॅरेजात या आठवड्यात एक जुनी जीप आली, आणि दस्तुराप्रमाणे नवा डॅम्पर बसवण्याचे फर्मान सुटले; ही निव्वळ मलमपट्टी होय, कारण डॅम्पर कंप दडपतो, परंतु अखंड ॲक्सलच्या गाडीत त्याचे मूळ बहुधा टाय रॉडच्या झिजलेल्या टोकांत वा किंगपिनात असते. चाके जमिनीवर असतानाच एकाने स्टिअरिंग डावीउजवीकडे हलवावे, दुसऱ्याने खाली निजून सांध्यासांध्यावर बोटे ठेवावीत. ढिला सांधा टकटकून स्वतःच जबानी देतो. मग चाक जॅकवर उचलून वरून-खालून धरून हलवावे: ब्रेक दाबताच खेळ थांबला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, न थांबल्यास किंगपिनचा. वाचकहो, हा तपास पुरा होईतो गाडी घाटात नेऊ नका.