औषधाआधी नाव हवे

समुद्री स्पंजाची नवी प्रजाती सापडली, की ‘याचा रुग्णाला काय उपयोग?’ असे विचारले जाते. उत्तर कर्करोगाच्या वॉर्डात आहे. तीव्र मायलॉइड ल्युकेमियावरील सायटाराबिन या औषधाचे मूळ कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजात आहे. त्या स्पंजाचे शास्त्रीय वर्णन १९४९ मध्ये झाले; त्यातील रसायनांवरून बनवलेल्या औषधाला अमेरिकेत १९६९ मध्ये मान्यता मिळाली.

स्पंज हा मेंदू वा हृदय नसलेला प्राणी. जागेनुसार त्याचा आकार आणि रंग बदलतो, म्हणून नुसत्या नजरेने ओळख पटत नाही. ऊती विरघळवून शरीरातील सूक्ष्म काटे सूक्ष्मदर्शकाखाली मोजावे लागतात, जुन्या नमुन्यांशी ताडून पाहावे लागतात. ओळखच चुकली, तर गुणकारी रसायन सापडूनही तोच स्पंज पुन्हा मिळवता येत नाही आणि संशोधन तिथेच अडते.

हे काम आपल्याकडेही जुने आहे. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर असलेल्या हेन्री कार्टर यांनी १८४९ मध्ये मुंबई बेटावरील गोड्या पाण्यातल्या स्पंजांचे वर्णन प्रसिद्ध केले. जैवविविधता कायदा, २००२ नुसार नव्या प्रजातीचा नमुना अधिकृत संग्रहात जमा करणे बंधनकारक आहे. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे केंद्र आहे.

नाव मिळालेल्या प्रत्येक स्पंजातून औषध निघणार नाही. तरीही नमुने सांभाळणारे आणि ओळखणारे हात टिकवणे हा औषधसंशोधनाचाच खर्च मानायला हवा.