सहावीच्या वेळापत्रकात स्पॅनिशला जागा किती?

नवी दिल्ली – देशातील कोणत्याही शैक्षणिक धोरणाने स्पॅनिश भाषेवर बंदी घातलेली नाही. उलट २९ जुलै २०२० रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, पोर्तुगीज आणि रशियन यांच्या पंक्तीत तिचे नाव स्पष्टपणे घेतलेले आहे. तरीही ज्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना ही भाषा शिकवली जाते, तेथे तिचे स्थान डळमळीत झाले आहे. यामागे कोणाचा विरोध नाही. कारण आहे ते साध्या बेरजेत.

शाळेत शिकवल्या जाणाऱ्या तीन भाषांपैकी किमान दोन भारतीय असाव्यात, असे धोरण सांगते. ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तिसऱ्या भाषेचा आरंभ सहावीपासून ठरवला. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत एक जागा इंग्रजीने आधीच घेतलेली असते. उरलेल्या दोन्ही जागा भारतीय भाषांना द्यावयाच्या, तर आजवर ‘संस्कृत, फ्रेंच, जर्मन किंवा स्पॅनिश’ असा जो पर्याय पालकांसमोर ठेवला जात असे, त्यातील शेवटची तीन नावे आपोआप गळतात. धोरणातील परकीय भाषांची यादी माध्यमिक स्तरासाठी, म्हणजे नववी ते बारावीसाठी आहे. मात्र नववी-दहावीलाही तीन भाषांचा हाच नियम लागू असल्याने तेथेही स्पॅनिश अतिरिक्त विषय म्हणूनच येऊ शकते. दहावीच्या परीक्षेची तयारी सुरू झालेली असताना चौथी भाषा नव्याने घेणारे विद्यार्थी किती असतील, याचा अंदाज बांधणे कठीण नाही.

महाराष्ट्रात ही बेरीज आणखी कडक होते. २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची केली आहे. त्यामुळे इंग्रजी आणि मराठीनंतर उरलेल्या एका जागेसाठी हिंदी आणि संस्कृत यांच्यातच स्पर्धा राहते. पहिलीपासून हिंदीच्या प्रश्नावर राज्यात उसळलेला वाद आणि २९ जून २०२५ रोजी मागे घेण्यात आलेले दोन शासन निर्णय ताजे असताना, तिसऱ्या भाषेची चर्चा कोणत्याही शाळेला निवांतपणे करता येण्याजोगी राहिलेली नाही. गोव्यातील काही शाळांत पोर्तुगीजचा पर्याय असतो. तिच्यासमोरही हेच गणित उभे आहे. महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबांसाठी चित्र थोडे वेगळे आहे. इंदूर, वडोदरा किंवा हैदराबाद येथे स्पॅनिशची रिकामी झालेली जागा तत्त्वतः मराठीलाही मिळू शकते. प्रत्यक्षात ती बहुधा संस्कृतकडेच जाईल, कारण संस्कृतचे शिक्षक शाळेत आधीपासून असतात आणि मराठीचे नसतात.

अशा बदलाची किंमत कोण मोजतो, हे एका दशकापूर्वी दिसून आले आहे. २०११ मधील करारानुसार केंद्रीय विद्यालयांत सहावी ते आठवीला जर्मन ही तिसरी भाषा म्हणून शिकवली जाऊ लागली. ऑक्टोबर २०१४ मध्ये, शैक्षणिक वर्ष अर्धे उलटल्यावर, तिच्या जागी संस्कृत आणण्याचा निर्णय झाला. सुमारे ७० हजार विद्यार्थी त्यात सापडले. जर्मनीच्या तत्कालीन चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनी ब्रिस्बेन येथील जी-२० परिषदेच्या वेळी हा विषय पंतप्रधानांकडे काढला, पालक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्या वर्षापुरती संस्कृतची परीक्षा घेतली जाणार नाही, अशी हमी सरकारला द्यावी लागली. पुढे २०१५ मध्ये जर्मनला ‘अतिरिक्त परकीय भाषा’ म्हणून स्थान देण्यावर उभय देशांत सहमती झाली. नियम चूक होता की बरोबर, हा वाद बाजूला ठेवला तरी तो सत्राच्या मध्यावर लागू करणे चूक होते, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. जर्मनच्या पाठीशी निदान एक प्रभावी सरकार आणि केंद्रीय विद्यालयांचे देशव्यापी जाळे होते. स्पॅनिश मुख्यतः खासगी शाळांत विखुरलेली आहे. तिच्यासाठी न्यायालयात कोणी जाईल, असे दिसत नाही.

मग या वर्गांत असे काय आहे की त्याची खंत वाटावी? वयाचा मुद्दा नेहमी मांडला जातो, आणि तो खराही आहे: अकरा-बारा वर्षांचे मूल नवा उच्चार करताना फारसे लाजत नाही. पण भारतीय, विशेषतः मराठी घरातील मुलाबाबत आणखी एक गोष्ट आहे, जिची दखल आपल्या वर्गांत क्वचितच घेतली जाते. स्पॅनिश येथे इंग्रजीच्या माध्यमातून शिकवली जाते. ‘मे गुस्ता एल मांगो’ हे वाक्य इंग्रजीतून समजावताना शिक्षकाची दमछाक होते, कारण इंग्रजीत आवडणारा माणूस कर्ता असतो आणि स्पॅनिशमध्ये आंबा. मराठीत मात्र ते वाक्य जसेच्या तसे उभे राहते: मला आंबा आवडतो. आंबे अनेक झाले की मराठीत ‘आवडतात’ होते, स्पॅनिशमध्ये ‘गुस्तान’. व्याकरणाच्या पुस्तकात या रचनेला स्वतंत्र प्रकरण दिलेले असते; मराठी मुलाला त्यासाठी एक वाक्य पुरेसे आहे.

अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. नामाच्या लिंगानुसार विशेषण बदलणे हा इंग्रजी भाषकाला जाच वाटतो. ‘चांगला मुलगा, चांगली मुलगी’ म्हणत वाढलेल्याला तो वाटत नाही. क्रियापदावरूनच कर्ता कळत असल्याने सर्वनाम गाळण्याची सोय दोन्ही भाषांत आहे. स्पॅनिशचे ‘त’ आणि ‘द’ दंत्य आहेत, इंग्रजी वळणाचे ‘ट’ आणि ‘ड’ नव्हेत. सलगीच्या संबोधनासाठी तर शब्दच एक आहे: तू. वडीलधाऱ्यांसाठी वापरले जाणारे ‘उस्तेद’ हे मुळात ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या आदरवाचक शब्दांचे झिजलेले रूप असून, ‘आपण’ आणि ‘तू’ यांतील अंतर जाणणाऱ्या मुलाला ते कधी वापरावे हे सांगावे लागत नाही. शब्दांचे म्हणाल तर, पोर्तुगीजांनी किनाऱ्यावर सोडलेला ऐवज येथे कामी येतो. पैसे देणे या अर्थाचे ‘पगार’ हे क्रियापद पोर्तुगीजप्रमाणेच स्पॅनिशमध्येही आहे. पाव, बटाटा, बिजागरी, घमेले यांचीही भावंडे तिथे भेटतात. अर्थात सगळेच सोपे नाही. ‘असणे’ या एका क्रियापदासाठी स्पॅनिशमध्ये ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन आहेत आणि तेथे मराठी फारशी मदत करीत नाही.

परकीय भाषेमुळे भारतीय भाषांची जागा जाते, या युक्तिवादाची दुसरी बाजू यातून पुढे येते. मराठी पक्की असलेल्या मुलाला स्पॅनिश लवकर उमगू शकते आणि तिच्या आरशात स्वतःच्या भाषेची घडणही दिसते. त्यासाठी शिक्षकाला दोन्ही भाषा माहीत हव्यात. पुणे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात, हैदराबादच्या इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठात स्पॅनिश शिकलेले तरुण आहेत. पण शाळेतील आठवड्याला दोन-चार तासांच्या नोकरीपेक्षा त्यांना कंपन्यांतील काम अधिक परवडते.

या भाषेची व्यावहारिक बाजू सर्वज्ञात आहे. वीसहून अधिक देशांची ती अधिकृत भाषा आहे, भारतीय माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांची केंद्रे मेक्सिको आणि उरुग्वेत आहेत, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये वडोदऱ्यात स्पेनच्या पंतप्रधानांच्या उपस्थितीत सी-२९५ विमानांच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. तथापि केवळ नोकरीच्या आशेने सहावीच्या मुलाला भाषा शिकवणे फारसे टिकत नाही. वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे यांनी मेक्सिकोत चापिंगो येथे स्पॅनिशमधून शेतीशास्त्र शिकवले आणि मक्यावर संशोधन केले, ते त्या भाषेत जगावे लागले म्हणून.

भाषा कायद्याने आणता येते, पण टिकवता येतेच असे नाही, हे ब्राझीलने अनुभवले आहे. स्पॅनिश भाषक देशांनी वेढलेल्या या देशाने २००५ मध्ये कायदा करून उच्च माध्यमिक शाळांना स्पॅनिश उपलब्ध करून देणे बंधनकारक केले. त्याखालच्या पाचवी ते आठवीच्या वर्गांत ती ऐच्छिक ठेवली. २०१७ च्या शैक्षणिक सुधारणेत तो कायदा रद्द झाला आणि इंग्रजी सक्तीची झाली. शेजारधर्म, व्यापार आणि मिळत्याजुळत्या भाषेची सोय हे सारे असूनही बारा वर्षांत पाट फिरवला गेला. भारतात तर यांपैकी शेजार नाही.

तेव्हा शाळांपुढे व्यवहार्य मार्ग उरतो तो चौथ्या, ऐच्छिक भाषेचा. आठवड्याला ४० मिनिटांचे दोन तास धरले, तर ३५ आठवड्यांच्या वर्षात जेमतेम ४७ तास होतात. तीन वर्षांत १४०. त्यातून बोलण्यापुरती तोंडओळख होऊ शकते, पण शिक्षक मध्येच बदलला नाही तरच. शाळेतील गुणपत्रिकेवर स्थान नसलेल्या या अभ्यासाला प्रमाणपत्राचा आधार देता येतो: स्पेनतर्फे घेतली जाणारी ‘डेले’ परीक्षा शालेय विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र स्वरूपात उपलब्ध असून, नवी दिल्लीतील सर्व्हांतेस संस्थेमार्फत ती देता येते. मात्र तिचे शुल्क पालकांनी भरावयाचे असते. वेळापत्रकातील तास सर्वांना सारखा मिळतो, शाळा सुटल्यानंतरचा वर्ग आणि परीक्षेचे शुल्क तसे मिळत नाही. जी मुले आज सातवीत आहेत आणि ज्यांनी गेल्या वर्षी स्पॅनिश निवडली, त्यांना आठवीत ती पूर्ण करू द्यायची की नाही, एवढे तरी मंडळांनी आणि शाळांनी सत्र सुरू होण्यापूर्वी लेखी कळवणे शक्य आहे. २०१४ मध्ये ते झाले नव्हते.